तोंडी पत्ता

आमच्या रजिस्टरातून माणूस कापायला बरोबर एक वर्ष लागतं. वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा अशी चार कार्डं जातात. चारांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही, तर पाचव्या खेपेला त्या नावावर तांबडी रेघ. नियम माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. रेघ माझी. दादाने उभा जन्म सरकारी नकाशे काढण्यात घालवला. त्याच्याइतकी सरळ रेघ मला सात जन्मांत यायची नाही. पण माणसं कापायची वेळ आली की तो म्हणतो, "तुझं अक्षर बरं आहे, तूच कर."

कार्डं दुकानातली नव्हेत. दादा लिनोवर चित्र कोरतो. लिनो म्हणजे जमिनीवर अंथरतात तसलं जाड, रबरासारखं पान. कोरून झालं की काचेवर शाई रुळाने लाटायची, ठशाला लावायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने घासायचं. हे घासणं वहिनीकडे. बासष्ट कार्डं घासून झाली की तिचा उजवा हात दोन दिवस खांद्याच्या वर जात नाही. मग पुढच्या खोलीत दोऱ्या बांधून कार्डं चिमट्यांनी टांगतात आणि चार दिवस आम्ही सगळे घरात वाकून चालतो. पाहुणा आला तर त्याला वाटतं, किती नम्र माणसं आहेत.

पत्ते आणि रजिस्टर माझ्याकडे. मी तीस वर्षं एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. तिथे कागद असेल तर रोगी असतो. कागद नसेल तर तो नुसताच कण्हत बसलेला माणूस. निवृत्त झाले, दादाकडे राहायला आले, आणि आल्या आठवड्यात त्याच्या पत्त्यांच्या चिठोऱ्यांचं रजिस्टर केलं. नाव, नातं, कार्ड कधी गेलं, उत्तर कधी आलं, उत्तर किती ओळींचं.

ओळींचा रकाना माझा स्वतःचा. त्यावरून माणूस कळतो. दाताचा डॉक्टर कायम दीड ओळ लिहितो आणि खाली दवाखान्याचा शिक्का मारतो. बहुधा सगळ्याच गोष्टींवर मारत असावा. दादाचा जुना साहेब निवृत्तीनंतर दोन पानी उत्तरं लिहायला लागला. नोकरीत असताना तो शेऱ्यावर सहीसुद्धा अर्धी करायचा. एक मावसबहीण दर वेळी "यंदाचं सर्वांत सुंदर" असं लिहिते. सलग अकरा कार्डं सर्वांत सुंदर झाली, तेव्हा मी दादाला म्हटलं, "हिचं उत्तर तू छापूनच पाठव, तिची शाई वाचेल." आणि वहिनीचा सख्खा भाऊ. त्याने चार ऋतू हूं की चूं केलं नाही. पाचव्याला मी रेघ मारली.  त्या दिवशी वहिनी माझ्या चहात साखर घालायची विसरली, ती पुढे दोन महिने विसरत राहिली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे टिंबू.

टिंबू दादा-वहिनीची एकुलती एक मुलगी. अंगाने लहानखुरी, म्हणून टिंबू; आता तिशीला आली तरी टिंबूच. बसने तीन तासांवरच्या एका शहरात चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात काम करते, तिथेच खोली घेऊन राहते. कार्डांच्या वेळी मात्र घरी यायची. काळ्या ठशावर रंगाचा दुसरा छोटा ठसा तीच मारायची. तो केसभर इकडे-तिकडे झाला तर चोच पाखराच्या कपाळावर जाते. तिच्या हातून कधी गेली नाही.

मागच्या हिवाळ्यात ती आली, तीन दिवस रंग दिला आणि चौथ्या दिवशी दोऱ्यांखाली वाकून बसून माझी उत्तरांची फाइल वाचायला घेतली. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाबा, ही उत्तरं नाहीत. हजेरी आहे ही."

"म्हणजे?" दादा कोरणी पुसत होता.

"पोचलं, सुंदर, आभार. पोचलं, सुंदर, आभार. लोक घाबरून लिहितात. आत्याची लाल शाई सगळ्यांना माहीत आहे."

"कुणावर जबरदस्ती नाही."

"आहे. मामाला विचारा."

"तुझ्यावर पण आहे का?"

"थोडीशी आहे."

"मग तुझं नाव कापू?"

"कापा."

"कार्डं येणार नाहीत."

"बरं होईल."

आवाज कुणाचाच चढला नाही. आमच्याकडे भांडणसुद्धा बसून होतं. टिंबूने हात धुतले, पिशवी घेतली, दोऱ्यांखालून वाकून दारापर्यंत गेली आणि दुपारच्या बसने निघून गेली. वहिनी तिच्या मागे दारापर्यंत गेली, पण शाईचे हात असल्याने तिला धरता आलं नाही.

त्यानंतर घरात अळीमिळी गुपचिळी. दुःख म्हणावं तर तसंही काही नव्हतं. कुणी जेवण टाकलं नाही, कुणी रडलं नाही. पाय बराच वेळ मुडपून बसलं की आपलाच पाय आपला वाटत नाही, तसं घर झालं होतं. दादा सकाळी उठायचा, टेबलाशी बसायचा, कोरणीला धार लावायचा. धार लावलेल्या कोरणीला पुन्हा धार लावायचा. मंगळवारी तो वाचनालयात गेला की वहिनी टिंबूला फोन करायची. त्या दोघींचा आपसांत ठराव होता की बाबांचा विषय काढायचा नाही. दोघींनी तो इतका पाळला, की बाबा सोडून सगळ्या जगाची विचारपूस त्या फोनवर व्हायची.

दादाने टिंबूचं नाव काही कापलं नाही. वसंत आला तेव्हा मी विचारलं, "बासष्ट की एकसष्ट?" तो म्हणाला, "नियम काय आहे? चार. मग विचारतेस कशाला?" वसंताचं कार्ड म्हणजे पान नसलेली एक फांदी. टिंबूचं उत्तर नाही. उन्हाळ्याचं कार्ड म्हणजे एक बंद खिडकी. उत्तर नाही. पानगळीला दादाने अख्खं कार्ड करड्या रंगात छापलं आणि खाली एक आडवी रेघ. मी विचारलं, "हे काय रे?" म्हणाला, "धुकं." वहिनी म्हणाली, "चित्र धुक्याच्या मागे आहे का?"

गंमत अशी, की ही तीन कार्डं लोकांना फार आवडली. दाताच्या डॉक्टरने चार ओळी लिहिल्या. साहेबाने "तुमची कला आता परिपक्व झाली" म्हणून तीन पानं पाठवली. मावसबहिणीने "यंदाचं सर्वांत सुंदर"च्या पुढे पहिल्यांदाच उद्गारचिन्ह घातलं. ओळींची सरासरी दोनावरून पावणेचारावर गेली. मी दादाला आकडा सांगितला. तो म्हणाला, "बरं."

टिंबूच्या नावापुढचे तीन रकाने मोकळे होते. चौथं कार्ड हिवाळ्याचं.

या वेळी तो पंधरा दिवस टेबलाशी बसून होता. सोळाव्या दिवशी त्याने ठसा वहिनीपुढे ठेवला. वहिनीने तो उलटा-सुलटा करून पाहिला. लिनो जसा दुकानातून आला तसाच होता, सपाट.

"अहो, कोरायचं राहिलं."

"नाही राहिलं."

"मग चित्र कुठाय?"

"हेच आहे."

"हे काय आहे?"

"हिवाळा."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात पाहिलं. मग तिने पदर खोचला, फिकट राखाडी शाई लाटली आणि काहीच नसलेली बासष्ट कार्डं चमच्याने घासायला सुरुवात केली. चित्र असलं की कुठे जोर द्यायचा ते कळतं. इथे सगळीकडे सारखाच जोर द्यायला लागत होता.

चाळिसाव्या कार्डाला दादा म्हणाला, "टिंबूचं हे चौथं." हे तो मला म्हणाला, पण बघत होता काचेकडे. "वसंताच्या आधी उत्तर आलं नाही, तर तू तुझं काम कर."

वहिनीचा चमचा थांबला. "मुलगी आहे ती."

"तुझा भाऊ भाऊ नव्हता?"

"त्याचं काय आता?"

"त्याला कापताना मी तुझं ऐकलं नाही. आता माझ्या मुलीसाठी नियम वाकवला, तर तूच म्हणशील, आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं."

"म्हणीन ना! चार दिवस म्हणीन, मग गप्प बसेन. तेवढं ऐकून घ्यायला काय झालं?"

"मग रजिस्टर कशाला ठेवायचं?"

"तेच तर ती विचारत होती," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली.

मला दादाची कीव आली, आणि थोडा रागही. बायकोशी न्यायाने वागायचं म्हणून मुलगी घालवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. पण मध्ये पडले नाही. ज्याच्या हातात तांबडी शाई असते, त्याने सल्ला देऊ नये. आणि खरं सांगायचं तर त्यापलीकडे मलाही काही वाटत नव्हतं. त्या वर्षी मी बऱ्याच गोष्टी अशाच पाहिल्या, खिडकीतून रस्ता पाहावा तशा.

कार्डं वाळत होती तेव्हा, तिसऱ्या दिवशी दुपारी, टपालात एक वहीचा कागद आला. अक्षर मोठं, ओळी चढावर चाललेल्या. मी उत्तरांचं टपाल नेहमी मोठ्याने वाचते, तसंच ते वाचायला लागले.

"'तुमच्या मुलीची पूर्वीची घरमालकीण लिहिते. तुमची तीन कार्डं माझ्याकडे आली. मुलगी वसंताच्या आधीच खोली सोडून गेली, जाताना नवा पत्ता ठेवून गेली नाही. पहिलं कार्ड तिच्यासाठी जपून ठेवलं. ती काही न्यायला आली नाही, तेव्हा स्वयंपाकघरात लावलं. भिंत शोभली, म्हणून पुढची दोनही लावली. वाफेने कडा थोड्या वळल्या आहेत. हिवाळा लागून इतके दिवस झाले तरी चौथं आलं नाही, म्हणून काळजी वाटली. भाडेकराराच्या कागदावर तुमचा पत्ता होता, त्यावर लिहिते आहे. मुलीचे वडील बरे आहेत ना?'"

वाचून झालं. दोऱ्यांवरची कार्डं पंख्याच्या वाऱ्याने हलत होती. दादा मला म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. "वन्सं, पत्ता कुठला घातला होतात?"

"रजिस्टरातला."

"रजिस्टरात नवा होता ना? मी सांगितला होता तुम्हाला."

तेव्हा मला आठवलं. वसंताच्या आधीचा एक मंगळवार. मी कपडे वाळत घालत होते, वहिनी फोनवरून उठून आली होती. म्हणाली, "वन्सं, टिंबूनं खोली बदललीय, नवा पत्ता लिहून घ्या." मी म्हटलं, "तोंडी पत्ता चालत नाही. अर्जदाराने स्वहस्ते लिहावा, दोन प्रतींत." ती म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच!" आणि पत्ता सांगून हसत हसत आत गेली. मी पण हसले. तिला वाटलं मी थट्टा करते आहे, लिहून घेईनच. आणि मी चिठ्ठीची वाट बघत राहिले, दोन दिवस. मग विसरले. तीस वर्षांत मी तोंडी रक्तगट नोंदवला नाही, तोंडी जन्मतारीख नोंदवली नाही. तोंडावर विश्वास ठेवून माणसं दगावलेली पाहिली आहेत. पण मी विसरत कधीच नव्हते. आणि थट्टा कुठे संपते आणि नियम कुठे सुरू होतो, हे माझ्या तोंडावर पाहून कुणाला कधी कळलेलं नाही. त्या दिवशी मलाही कळलं नव्हतं.

मी हे सगळं उभं राहून सांगितलं. रेकॉर्ड रूममध्ये फाइल हरवली की साहेबापुढे असंच उभं राहायचे.

वहिनी म्हणाली, "अहो, मग मला पुन्हा विचारायचं होतंत!"

"चुकलं."

"वर्षभर पोर समजतेय की बापानं कापलं!"

"चुकलं म्हटलं ना, वहिनी."

"तुमचं चुकलं तरी कसं अगदी सहीशिक्क्यानं असतं!"

दादा बोटं मोजत होता. अंगठा आधी, मग पुढची. मग त्याने सगळी मिटली. "म्हणजे तिचे तीन नाहीत झाले. शून्य झाले."

"हो," मी म्हटलं.

"तिला एकही मिळालं नाही."

"नाही."

"फोन लावा," वहिनी म्हणाली. "आत्ता लावा. मी देते लावून."

"काय सांगू? पत्ता चुकला म्हणून?"

"हो, तेच सांगा! तेच झालंय."

दादा फोनकडे गेला. त्यावर हात ठेवला. तसाच उभा राहिला, मग हात काढून घेतला. "कापणाऱ्याने नंतर पत्ता चुकला म्हणून सांगितलं, तर तुला खरं वाटेल का?"

मी म्हटलं, "मी जाते. माझ्या हातची चूक आहे, हातानेच नेऊन देते."

दादाने दोरीवरून एक कार्ड काढलं. सगळी सारखीच होती, तरी तो बराच वेळ निवडत होता. मागे त्याने काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना एवढंच म्हणाला, "ती तीन राहू देत त्या बाईंकडे. त्यांचं नाव घाल रजिस्टरात." त्रेसष्टावं नाव मी तिथेच, चपला घालायच्या आधी लिहिलं.

सकाळच्या बसने गेले. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना भिंगं घासणाऱ्या फिरत्या चकत्या, त्यांवर पाण्याची बारीक धार. सगळ्यांच्या हातांना पांढरी खळ लागलेली, पिठात हात घातल्यासारखी. मुकादम बाईंना सांगितलं, "मी तिची आत्या." त्या म्हणाल्या, "लाल शाईवाल्या का?" म्हणजे कीर्ती माझ्या आधीच पोचली होती.

टिंबू हात पुसत बाहेर आली. बारीक झाली होती, किंवा मला तशी वाटली. "कोण गेलं?" तिने पहिलं हेच विचारलं.

"कुणी नाही. सगळे आहेत."

"मग तू कशी?"

मी सांगितलं. घरमालकीण, भिंत, तीन कार्डं, तोंडी पत्ता. मध्ये एकदाही थांबले नाही. थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. तिने सगळं ऐकलं. आत चकत्यांचा आवाज चालू होता.

"म्हणजे कापलं नव्हतं."

"कापायला लाल शाई लागते. ती माझ्याकडे असते."

"तुझ्याकडे असते म्हणूनच म्हटलं." ती नखातली खळ काढायला लागली. "वसंतात मी आठ दिवस टपालपेटी बघितली. रोज, कामावरून आल्यावर. मग सोडलं."

"वाईट वाटलं असेल."

"नाही गं. काहीच वाटलं नाही. मी म्हटलं, आत्ता वाटेल, मग वाटेल. शेवटी वाट बघायचा पण कंटाळा आला."

मी पिशवीतून कार्ड काढून दिलं. तिने हात पुन्हा एप्रनला पुसले आणि कार्ड कडांना धरून घेतलं.

"हे काय?"

"हिवाळा."

"यावर काही नाहीये."

"नाहीच."

"कुणी काय उत्तर देणार याला?"

"बघ ना. साहेबाची सहा पानं येतील बघ."

ती हसली नाही. भिंगं तपासायची सवय. तिने कार्ड उजेडाला तिरपं धरलं, थोडं फिरवलं. "आईनं घासलंय," ती म्हणाली. "इथपर्यंत जोर बरोबर आहे. इथून खाली शाई पातळ होत गेलीय. खांदा दुखायला लागला तिचा. हे चाळीसच्या पुढचं असणार." मी पाहिलं. मला नुसतं करडं दिसत होतं. मग तिने बोट ठेवलं तिथे पाहिलं, तेव्हा चमच्याचे पट्टे दिसले, एकमेकांच्या अंगावर चढलेले, खाली खाली विरत गेलेले.

"डॉक्टरकडे नेता का तिला?"

"ती येत नाही."

"न्या." मग म्हणाली, "आत्या, पण मी तेव्हा म्हटलं ते खरंच होतं. हजेरीचं."

"खरं होतं."

"तू पण म्हणतेस?"

"मी हजेरीच घेते, बाई. मला नाही कळणार तर कुणाला?"

मी पिशवीतून कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं. "पत्ता लिही. स्वतःच्या हाताने."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू इथं उभी आहेस. मी इथं उभी आहे. तरी?"

"तरी."

तिने भिंतीवर चिठ्ठी टेकवून पत्ता लिहिला. कागदाला बोटांची पांढरी खळ लागली. चिठ्ठी घडी करून ब्लाउजात ठेवल्यावर मी म्हटलं, "उत्तराचं काय?"

"बघते."

"कार्डानेच लागतं, निदान पत्राने. फोन रजिस्टरात–"

"मला नियम माहीत आहेत. त्या घरात वाढलेय मी." आतून मुकादम बाईंनी हाक मारली. ती कार्ड एप्रनच्या खिशात टाकणार होती, पण खिसा ओला होता. मग ते डोक्यावरच्या रुमालात, कपाळाशी खोचून ती आत गेली.

घरी आले तर दादाने काही विचारलं नाही. मी होऊन सांगितलं, "दिलं." तो म्हणाला, "बरं." वहिनीने सगळं खोदून खोदून विचारलं आणि शाई कुठे पातळ झाली हे ऐकल्यावर उठून आत गेली. तिने पुढे खांद्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण दोन दिवसांनी डॉक्टरकडे जाऊन आली. उरलेली कार्डं टपालात पडली. साहेबाचं उत्तर पाचच पानांचं आलं.

टिंबूचं आलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे. दादा टपालाच्या वेळेला खिडकीशी जात नव्हता. तो त्या वेळेला मुद्दाम न्हाणीघरात जायचा.

तिसऱ्या रविवारी दुपारी फोन वाजला. वहिनी वसंताच्या कार्डांसाठी रुळावरची जुनी शाई धूत होती, हात कोपरापर्यंत काळे. मला उठता आलं असतं. मी उठले नाही. पाच-सहा घंटा झाल्यावर दादा उठला.

"हॅलो." मग, "हो." मग, "नाही, आत्यानं सांगितलं सगळं." मग, "नाही. एकच ठसा." वहिनी ओले हात तसेच धरून दारात उभी. खाली फरशीवर थेंब पडत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. दादा म्हणाला, "कागद तोच आहे गं. दुकानदारानं बदलला असेल तर माहीत नाही." मग, "हं." मग, "डोळ्यांना होतो त्रास. जवळचं." मग खूप वेळ ऐकत राहिला, आणि शेवटी "बरं. ठेवतो," म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाली?" वहिनीने विचारलं.

"कागद पातळ आहे म्हणाली. मागून दिसतं."

"आणि?"

"चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणाली. भिंगं ती करून देईल."

"आणि?"

"आणि काही नाही."

मी रजिस्टर उघडून पेन हातात घेतलं होतं. "उत्तराचा रकाना. लिहू?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "फोन होता तो. फोन धरत नाहीत."

"अहो!" वहिनी ओरडली. वर्षभरात त्या घरात कुणी पहिल्यांदाच ओरडलं.

"नियम आहे," तो म्हणाला. "हे तिचं पहिलं धर. अजून तीन आहेत. वसंताचं जाईल, उन्हाळ्याचं जाईल. घाई काय आहे?"

मी टिंबूच्या नावापुढे पानगळीपर्यंतचे तिन्ही रकाने खोडले, हिवाळ्यापुढे एक लिहिलं आणि पेन बंद केलं.

दादा टेबलाशी गेला. शाईची काच वहिनीने सकाळीच पुसून ठेवली होती, तरी त्याने चिंधी घेतली आणि रॉकेलात बुडवून ती काच पुसायला लागला. थोड्या वेळाने, मान वर न करता त्याने मला विचारलं, "तू भेटलीस ना तिला. आवाज बसलाय का तिचा?"

"नाही. मला तर नेहमीसारखाच वाटला."

"असेल," तो म्हणाला, आणि काच उलटी करून तिची दुसरी बाजू पुसायला लागला.